"रेझ्युमे पाठवून ठेव, बघतो"



आयटीतला माणूस म्हटला की पॉटलकला कुणीतरी त्याला बाजूला घेतंच. पूर्वी प्रिंटर नाहीतर वायफायचं दुखणं असायचं. २०२२च्या अखेरीस मोठमोठ्या कंपन्यांनी नोकरकपात सुरू केली, तेव्हापासून वेगळाच प्रश्न येतो: "जॉब गेला. आता काय करू?"

एच-१बी व्हिसावरच्या माणसाला २०१७ च्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ आधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. आणि हे शनिवार-रविवार धरून बरं का! तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज भरायला हवा, किंवा व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज तरी जायला हवा, नाहीतर बॅगा भरायच्या. बायको एच-४ वर, मुलगी शाळेत, घराचं लीज अजून बाकी.

अशा वेळी आपण काय म्हणतो? "अरे, होऊन जाईल. रेझ्युमे पाठवून ठेव, बघतो." 'नाही' म्हणायला आपली जीभ रेटत नाही. पण तो बिचारा आपल्या 'बघतो'च्या भरवशावर दहा दिवस थांबतो. साठातले दहा! त्यापेक्षा "आमच्याकडे भरती बंद आहे" हे त्याच दिवशी ऐकलेलं बरं.

मी आधी विचारतो: नोकरीचा शेवटचा दिवस कुठला? आय-९४ कधीपर्यंत? ग्रीन कार्डचा आय-१४० मंजूर झालाय का? हे कळल्याशिवाय सल्ला नाही. माणूस गडबडलेला असतो, रात्रीची झोप नसते, तेच तेच विचारतो. तिसऱ्यांदाही त्याच सुरात सांगायचं. (हे फोनवर जमतं. ईमेलमध्ये आपल्याला चिडायला फार वेळ मिळतो!) कायद्याचा मुद्दा आला की सरळ "मला माहीत नाही, वकिलाला विचार." "अमक्याचं असंच झालं होतं, काही झालं नाही" हा सल्ला सगळ्यात घातक, कारण अमक्याची केस वेगळी असते. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो: व्हिसाची मुदत संपायच्या आत कंपनीने काढलं, तर मायदेशी परतायचं वाजवी भाडं तिनेच द्यायचं असतं. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं.

एकाला मी पहिल्याच फोनवर सांगितलं, तुझ्या कामाची जागा आमच्याकडे नाही. थोडा दुखावला. मग दोघांनी बसून त्याचा पाच पानी रेझ्युमे दोन पानांवर आणला. तरी नोकरी मिळाली नाही. ५७व्या दिवशी ते पुण्याला परतले. निघताना गाडीच्या किल्ल्या आणि टायटलचे कागद माझ्या हातात दिले. "किती येतील?" त्याने विचारलं. त्याला वाटत होते त्यापेक्षा दोन हजार डॉलर कमीच सांगितले. विकायला तीन आठवडे लागले.