नाव काय तुमचे?

(मंडळाच्या नाटकासाठी पात्रनिवड झाली त्या दिवशी केलेले भाषण)



आज नाटकासाठी पात्रांची निवड व्हायची आहे. त्याआधी मी चार शब्द बोलावे असे अध्यक्षबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या. आता हे जे मी बोलून गेले ना, तेच बोलू नये, एवढे सांगायला खरे तर मी उभी आहे!

मागच्या पावसाळ्यात मी भाचीबरोबर अंधेरीला गेले होते. मालिकेत काम करावे अशी तिची फार हौस. घरचे एकटीला पाठवीनात, म्हणून मावशी सोबतीला. आपल्या डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अगदी शेवटचे वर्सोवा स्टेशन आणि पुढे रिक्षाने आरामनगर. जुन्या बैठ्या घरांची वस्ती. त्यांतल्या पुष्कळ घरांतून आता या निवडी चालतात. ‘ऑडिशन’ म्हणतात. बाहेर मुली रांगेने बसलेल्या, कुणी भिंतीकडे तोंड करून संवाद घोकते आहे. मला तर वार्षिक परीक्षाच आठवली.

आत एक लहान खोली. मागे एकरंगी पडदा, समोर कॅमेरा, जमिनीवर चिकटपट्टीची खूण. त्या खुणेवर उभे राहून आधी आपली ओळख सांगायची. नाव, वय, उंची, राहता कुठे, भाषा कोणत्या येतात, आधी काम केले आहे का. मग डावी बाजू दाखवा, उजवी बाजू दाखवा. संवादाची पाळी त्यानंतर. आमच्या बाईसाहेबांनी आठ दिवस दोन पाने संवाद घोटले होते. ओळखीचा विचार कुणी केला होता? आपलेच नाव, त्यात काय तयारी करायची! ती चालता चालताच नाव सांगून मोकळी झाली, आडनाव तर गिळूनच टाकले, आणि वर “मी नवीन आहे, चुकले तर समजून घ्या” हे शेपूट जोडले. कॅमेऱ्याजवळचा मुलगा चांगला होता. म्हणाला, “ताई, आधी खुणेवर उभ्या राहा. मग बोला.” पण तोवर तिचा धीर सुटला होता. घोटलेले संवादही अडखळले.

मी दारातून बघत होते. तेवढ्यात तो मला म्हणतो, “काकू, या वयाच्या बायकाही लागतात आम्हाला. तुम्हीही द्या ना ओळख.” मी नको नको म्हणतच खुणेवर जाऊन उभी राहिले.

“नाव?”

“मी हिची मावशी.”

“नाव, काकू.”

मी आडनाव सांगितले, सौभाग्यवती लावून.

“तुमचं स्वतःचं?”

तिसऱ्या खेपेस नाव निघाले, तेही इतके हळू की, “जरा मोठ्याने,” असे त्याला सांगावे लागले. भगिनींनो, रात्री पाण्याची मोटर बंद करा म्हणून तीन मजले ऐकू जाईल असे ओरडणारी बाई मी!

परतीच्या गाडीत मी आठवू लागले, की मला माझ्या नावाने कोण हाक मारते? मुले आई म्हणतात, हे ‘अगं ऐकलंस का’ म्हणतात, शाळेत मी अमक्याची आई, दूधवाल्याची वहिनी. माहेरचे नाव लग्नात तांदळाच्या ताटात बदलले. नवे मिळाले ते रेशनकार्डावर आहे. उखाण्यात आपण यांचे नाव चारचौघींत किती ठसक्यात घेतो! आपले घ्यायची वेळ आली की घोडे पेंड खाते.

ही तर आजची गोष्ट. 1913 साली आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके यांना तारामती व्हायला बाई मिळाली नाही. शेवटी उपाहारगृहात कामाला असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. त्या मायलेकींना त्या दिवसांत काय काय ऐकावे लागले असेल! आपल्याला नुसते नाव सांगायचे आहे.

घरी आल्यावर मी आणि भाची दोघी ओट्यापुढे सराव करू लागलो. पदर, ओढणी, केस यांचे जे काय करायचे ते दाराबाहेरच उरकायचे. आत जाऊन दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहायचे, समोर बघायचे, एक श्वास घ्यायचा आणि मग बोलायचे. नाव आणि आडनाव यांत जरा थांबायचे. आपल्याला ते रोजचे असले तरी समोरचा पहिल्यांदाच ऐकतो. वाक्याच्या शेवटी आवाज खाली पाडायचा नाही. वय खरे, उंची खरी. विचारले तेवढेच सांगायचे, आणि माफी मागायची नाही, कारण अजून काही चुकलेलेच नसते. भाचीच्या कुठल्याशा वर्गात हेल काढून, मान वेळावून ओळख सांगायला शिकवले होते. ते मी मोडून काढले. दिवसभरात शंभर जणी तोच हेल काढत असतील तर ऐकणाऱ्याचे काय होत असेल? शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ते शीत भाताचेच असावे, वर पेरलेला बेदाणा नव्हे.

हिवाळ्यात भाची पुन्हा गेली. साड्यांच्या दुकानातल्या मुलीचे एका दिवसाचे काम मिळाले. चार वाक्ये होती. मला कुणी बोलावले नाही. माझी उंची मात्र त्यांच्याकडे लिहिलेली आहे.

आता आपले. गेल्या वर्षी पात्रनिवडीत एकीने “मी पाटीलवहिनी” एवढेच सांगितले. आपल्या हजेरीपटात सौ. पाटील चार आहेत. सासूचे काम भलतीलाच गेले आणि जिला हवे होते ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. ती समोरच बसली आहे, आणि आता हसते आहे. आज वही माझ्या हातात आहे. मी वहिनी लिहून घेणार नाही, अमक्याची आई लिहून घेणार नाही. खडूने खूण केली आहे ती तिकडे, खिडकीपाशी. पहिली कोण येते?