पाचारण आणि रोजचे काम

ख्रिस्ती शिकवणीनुसार देवाचे पाचारण फक्त पाळकांना येत नाही. ते प्रत्येक विश्वासणाऱ्याला असते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 7व्या अध्यायात पौल सांगतो, की पाचारण झाले त्या वेळी जो ज्या स्थितीत होता, त्याच स्थितीत त्याने देवाजवळ राहावे. म्हणजे शेती, मजुरी, मासेमारी करतानाही त्या हाकेला ओ देता येते.

डहाणूत ही शिकवण रुजवण्यात ब्रदरन मिशनचा मोठा वाटा आहे. 1708 साली जर्मनीत सुरू झालेल्या ब्रदरन पंथाचे अमेरिकी मिशनरी विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी आणि बर्था रायन 1894 मध्ये बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला आले. पुढे काम डहाणूपर्यंत पोचले. इथल्या मिशनच्या दवाखान्यात डॉ. बार्बरा निकी यांनी रुग्णसेवा केली. पाचारण कसे पाळायचे, याचा तो उघड आणि भक्कम दाखला होता.

ब्रदरन परंपरेतील प्रीतिभोजनाचा विधी तर फारच बोलका आहे. आधी पाय धुतले जातात. कमरेला टॉवेल बांधून एक जण खाली वाकतो, शेजाऱ्याचे पाय पाण्याने धुतो, पुसतो. मग तोच शेजारी दुसऱ्यापुढे वाकतो. मालक-मजूर, शिकलेला-अडाणी असा भेद इथे चालत नाही. त्यानंतर साधे सहभोजन होते आणि शेवटी प्रभुभोजनाची भाकर व प्याला.

पुढे ही परंपरा इतर मंडळ्यांशी जोडली गेली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तिच्यात एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत ब्रदरन मंडळीही होती.