पान्हा आणि हलका हात



मुंबईहून पुण्यास जातांना लागणारें कर्जत स्थानक आपल्या परिचयाचें आहे. परंतु कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील, डोंगराच्या पायथ्याशीं वसलेल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या तितक्या परिचयाच्या नाहींत. दिवाळीनंतर पुष्कळशीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामाला जातात. त्यांत ओल्या बाळंतिणीहि असतात. मूल दूर झोळींत, आई मातींत. पाजण्याची वेळ टळली कीं स्तन दाटून ठणकूं लागतात. मग ते जोरानें चोळण्याचा उपाय कोणीतरी सांगतें. आपल्या शहरी घरांतहि हा समज आढळतो.

स्तन म्हणजे पिळतांच रिकामी होणारी पखाल नव्हे. मूल चोखूं लागलें म्हणजे आईच्या मेंदूंतून दोन स्राव रक्तांत उतरतात. प्रोलॅक्टिनमुळें दूध तयार होतें. ऑक्सिटोसिनमुळें तें पुढें लोटलें जातें. या दुसऱ्या क्रियेलाच आपण पान्हा म्हणतों. वेदना आणि चिंता यांनीं तो अडतो. स्वस्थतेनें आणि हळुवार स्पर्शानें सुटतो. मर्दनाचा उपयोग एवढाच. दूध वाढतें तें वारंवार पाजल्यानें.

म्हणून हात स्वच्छ धुवावे आणि पाजण्यापूर्वीं बोटांनीं स्तनावरून हलकेच गोलाकार फिरवावें. स्तन फार दाटला असल्यास अंगठा व तर्जनी काळ्या वर्तुळाच्या कडेस ठेवून आधीं छातीकडे, मग एकमेकांकडे दाबावीं आणि थोडें दूध काढावें. म्हणजे मुलाला वर्तुळाचा बराचसा भाग तोंडांत धरतां येतो. पाजून झाल्यावर थंड ओल्या फडक्याची घडी ठेवावी. जोरानें चोळल्यास आंतील सूज वाढते. ताप आला, त्वचा लाल झाली, तर डॉक्टरांस दाखवावें. पाजणें मात्र थांबवूं नये.

प्रसूति रुग्णालयांत झाली असली तरी पहिल्या ४२ दिवसांत आशा कार्यकर्तीनें सहा वेळां घरीं यावें, अशी योजना आहे. हें सर्व ती दाखवूं शकते. परंतु सवड कोण देणार? कायद्यानें मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत आईला कामाच्या वेळांत पाजण्यासाठीं रोज दोन वेळां विराम दिला आहे. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबानें मिळते. तेथें थांबणें म्हणजे मजुरी बुडणें. आपल्या घरीं कामास येणारी बाई लेंकुरवाळी असेल, तर तिची स्थिति याहून फार निराळी नसते. तिला पगार न कापतां मुलापाशीं जाऊं देणें आपल्या हातीं आहे.