पहिली फिशटँक घेताना
(सोसायटीच्या कोजागिरी कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीतली लेकरं सध्या फिशटँकसाठी हट्ट धरून बसलीत. मोठी माणसं म्हणायलेत, लातूरमधे प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हे चोचले कशाला? हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेले कितीतरी जण आज समोर बसलेत. म्हणून आधी हिशोब मांडतो. बँकेची सवय, जात नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. हे एकदाच भरायचं. पुढं आठवड्याला पाव भाग, म्हणजे १४ लिटर बदलायचं. काढलेलं पाणी मोरीत नाही, कुंड्यांना घालायचं. झाडांना ते खतच. कुंड्यांना आपण पाणी घालतोच की!

मग गोल काचेचं छोटं भांडं का नको? थोड्या पाण्यात घाण लवकर साठते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जीवाणू तो पचवतात, पण त्यांचा जम बसायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे ठेवा. स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरिननं जीवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या. नवीन पाणीही बादलीत दिवसभर उघडं ठेवूनच घाला.

आपल्या बोअरचं पाणी जड. त्याला गप्पी, मॉली, प्लॅटी मानवतात. (डासांच्या अळ्या खातात म्हणून हौदात सोडतात, तेच हे गप्पी.) निऑन टेट्राला हलकं पाणी लागतं. गोल्डफिश दुकानात दोन इंचाचा दिसतो, वाढून सहा-आठ इंचांचा होतो. या टाकीत नकोच.

भरलेल्या टाकीचं वजन पाऊण क्विंटलच्या आसपास जातं, तेव्हा शोकेसवर ठेवू नका. खिडकीजवळही नको. मे महिन्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. त्यात लाईट गेली, तर मगानं टाकीतलंच पाणी वरून ओतत राहा.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट. दोन-तीन दिवस गावाला गेलात तर मोठे मासे उपाशी राहू शकतात. शेजारच्या काकूंना किल्ली द्या, डबा देऊ नका.