मुलीच्या कार्यशाळेला गटाची उचल

पिंपळगाव बसवंत आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या सगळ्या तायांना, आणि चाळीपाशी बसून कांदा निवडता निवडता आम्हाला ऐकणाऱ्या मावश्या-आत्यांना आमचा नमस्कार.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे काही आपल्या कामाचं नाही. अनुवंशशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि संशोधकांसाठी परिषदा भरतात, प्रशिक्षणाच्या कार्यशाळा होतात, त्याबद्दल बोलायचं आहे. थांबा, लगेच रेडिओ बंद करू नका. आधी आमच्या गटाकडून झालेली एक चूक सांगतो.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधीची गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. गुरुवारी कॉलेजच्या फलकावर सूचना लागली. पिकाच्या पानातून डी.एन.ए. वेगळा काढायचा आणि तो तपासायचा, हे शिकवणारी पाच दिवसांची कार्यशाळा. परगावी. जागा वीस आणि अर्ज सोमवारपर्यंत. नोंदणीचे २,५०० रुपये, जाणं-येणं आणि राहणं धरून खर्च पाच हजारांच्या घरात जात होता. ताईंनी शुक्रवारी आमच्या सचिवांना फोन केला. सचिव म्हणाल्या, बैठक पाच तारखेला, बैठकीशिवाय कर्ज देता येत नाही. नियम तसाच होता, त्यांचं काही चुकलं नाही. मग आम्हाला विचारलं, तर आम्ही म्हणालो, हे कर्ज वहीत कोणत्या रकान्यात लिहायचं? दवाखाना नाही, बियाणं नाही, शेळी नाही, शिलाई मशीन नाही. शिक्षण म्हणावं तर कॉलेजची फी भरून झालेली. तिकडे घरी वडिलांचा वेगळाच प्रश्न, पाच रात्री पोरगी राहणार कुठे? एवढ्या सगळ्याची उत्तरं मिळेपर्यंत सोमवार निघून गेला. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईबरोबर चाळीवर कांदा निवडायला आली आणि दिवसभर मान खाली घालून निवडत राहिली. ते मात्र आमच्या मनाला लागलं.

पाच तारखेच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी सरळ विचारलं, "कॉलेजात जाती ना ती? मग अजून ही कार्यशाळा कशाला?" प्रश्न बरोबरच होता. आम्ही मुलीलाच बोलावून घेतलं. ती म्हणाली, "आजी, कॉलेजात आम्ही ऐंशी मुलं आणि यंत्र एक. सर चालवतात, आम्ही मागून बघतो. कार्यशाळेत प्रत्येकाच्या हातात काम देतात. चुकलं तर परत करायला लावतात." आजींना हे लगेच पटलं. त्या म्हणाल्या, भाकरी बघून येत नाही, थापावी लागती.

परिषद वेगळी असते. तिथे संशोधक आपण काय शोधलं ते दहा-पंधरा मिनिटांत सांगतात, बाकीचे प्रश्न विचारतात. विद्यार्थी आपलं काम मोठ्या कागदावर मांडून भिंतीला लावतात, त्याला पोस्टर म्हणतात. येणारे-जाणारे थांबून विचारतात. पुढच्या शिक्षणाची, नोकरीची ओळख बऱ्याचदा त्या पोस्टरपुढेच होते. आपल्याकडच्या मुलींना हुशारी कमी नसते, ही ओळख कमी पडते.

त्या दिवशी मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिथून बैठकीचा रंगच बदलला. देशभरातल्या शाळा-कॉलेजांत पेशी कशी दुभंगते हे दाखवायला काय घेतात, माहीत आहे? आपला कांदा. पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवायचा, दोन-चार दिवसांत मुळ्या फुटतात. त्यांची टोकं कापायची, लाल रंगात बुडवायची, काचेवर दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. आत दोऱ्यांसारखी गुणसूत्रं दिसतात. कांद्याची १६, माणसाची ४६. कांद्याची गुणसूत्रं मोठी असल्यामुळे नवशिक्यालाही दिसतात. आणि गंमत म्हणजे कांद्याच्या एका पेशीतलं आनुवंशिक द्रव्य माणसाच्या सुमारे पाचपट भरतं. "म्हणूनच एवढा रडवतो," आजी म्हणाल्या.

हे शास्त्र आपल्या गावाला नवीन नाही, मैत्रिणींनो. बसवंत ७८० हा कांद्याचा वाण ऐकला असेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इथल्याच केंद्रातून तो पुढे आला, नावातच आपलं गाव आहे. खरिपाचा एन-५३ निफाडचा. निफाडच्या गहू केंद्राने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती असे गहू दिले. चितेगाव फाट्याला कांद्यावर काम करणारं राष्ट्रीय बागवानी प्रतिष्ठान आहे. आणि राजगुरुनगरला आज जे कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, 'भीमा' नावाचे सगळे वाण देणारं, ते १९९४ साली सुरू झालं तेव्हा नाशिकलाच होतं, १९९८ मध्ये तिकडे गेलं. एवढं सगळं आपल्या बांधाला, आणि आपल्या मुलीला पाच दिवसांसाठी पाठवताना आपण रकाना शोधत बसलो.

अनुवंशशास्त्र म्हणजे तरी काय? आईबापाचे गुण लेकरात कसे उतरतात, त्याचा हिशेब. मेंडेल नावाच्या मठातल्या साधूने वाटाण्याची झाडं लावून तो मांडला. १८६५ साली ब्रुन शहरातल्या तिथल्या निसर्ग अभ्यासक मंडळापुढे दोन भाषणं केली. म्हणजे सुरुवातच गावच्या मंडळातल्या भाषणाने झाली! त्याचं मोल लोकांना १९०० साली कळलं, तोवर मेंडेल वारलेही होते. पुढे १९०६ मध्ये लंडनला संकरावर परिषद भरली, ती बागकाम करणाऱ्यांच्या संस्थेने, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने भरवली होती. बेटसन नावाच्या शास्त्रज्ञाने या नव्या शास्त्रासाठी 'जेनेटिक्स' हे नाव त्या परिषदेत सगळ्यांपुढे मांडलं. त्याच बागवाल्यांच्या संस्थेत चाळीस वर्षांनी आपल्या देशातली एक बाई शास्त्रज्ञ म्हणून काम करत होती. जानकी अम्माल, केरळच्या तलश्शेरीच्या. त्याआधी कोईमतूरला त्यांनी उसावर काम केलं होतं. १९५५ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला पृथ्वीच्या बदलत्या रूपावर मोठी परिषद झाली, तिथे बोलावलेल्यांत बाई ही एकटीच. लग्न न करता, घरच्यांना उत्तरं देत त्या इतक्या लांब पोचल्या. आपल्याला तर मुलीला पुण्यापर्यंतच पाठवायचं आहे.

आता कामाचं बोलू. पाऊस सरला की सूचना लागायला सुरुवात होते, साधारण फेब्रुवारीपर्यंत हा हंगाम असतो. राहुरी, राजगुरुनगर, द्राक्षासाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, पुण्यातली आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, या सगळ्यांच्या सूचनांवर नजर ठेवायला मुलीला सांगा. देशाच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिने मुलांना शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला पाठवतात, त्याचे पैसे मुलीला भरावे लागत नाहीत, उलट विद्यावेतन मिळतं. त्याचे अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात. शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, ते ऐनवेळी मागायला जाऊ नका.

आणि हे फक्त पिकांपुरतं समजू नका. सुरगाणा, पेठकडच्या आपल्या बहिणींना सिकलसेल ठाऊक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या अशा आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. एखाद्या मुलीला तिकडची गोडी असेल तर तीही हेच शास्त्र शिकते.

एक सावधगिरी. मुलींच्या मोबाइलवर हल्ली आमंत्रणं येतात. आंतरराष्ट्रीय परिषद, तुमची निवड झाली आहे, पैसे भरा, प्रमाणपत्र मिळेल. जिने काही लिहून पाठवलंच नाही तिची निवड कशी होते, एवढा एकच प्रश्न विचारा. भरवणारी संस्था कोणती ते बघा, कॉलेजच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा, पैसे संस्थेच्या खात्यात जातात की कुणा माणसाच्या, ते तपासा. आलेल्या मेसेजमधला नंबर न घेता संस्थेचा नंबर वेगळा शोधून फोन करा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचे दीड हजार असेच गेले. घरी बोलणी बसतील म्हणून तिने चार महिने आईला सांगितलं नव्हतं. पैशापेक्षा त्याचंच आम्हाला जास्त वाईट वाटलं.

राहण्याचं आधी विचारायचं. मुलींचं वसतिगृह आहे का, स्टेशनपासून कसं जायचं, तक्रार समिती कोणाकडे. हे सगळं कागदावर मिळालं की वडिलांशी बोलणं सोपं जातं. आमच्या ताईंच्या घरी तसंच झालं. "वसतिगृहाच्या बाईंचा नंबर आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं. होता.

तर आमच्या गटाने ठराव केला तो असा. व्याजाच्या उत्पन्नातून ९,००० रुपये बाजूला काढले, त्याचं नाव शिक्षण उचल. अध्यक्ष, सचिव आणि आम्ही, तिघींच्या सह्या झाल्या की दोन दिवसांत ३,००० रुपयांपर्यंत द्यायचे. बैठकीची वाट बघायची नाही, पुढच्या बैठकीत वाचून दाखवायचं. परत फेड सहा हप्त्यांत, बिनव्याजी. दोघींनी विरोध केला. त्या म्हणाल्या, आमच्या मुली शिकत नाहीत, आमच्या व्याजाचा पैसा दुसरीच्या मुलीला का? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं की जी जाऊन येईल तिने गटाला एक दुपार द्यायची आणि शिकलेलं आपल्या भाषेत सांगायचं.

या फेब्रुवारीत तीच मुलगी दुसऱ्या एका तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेली. उचल २,८०० रुपये. मार्चच्या बैठकीत तिने आपली दुपार दिली, आणि विरोध करणाऱ्या दोघींपैकी एकींनी तिला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, कारण त्या दरवर्षी घरचे डोंगळे लावतात. आमच्यातल्या पाच जणी लावतात. बियाण्यासाठी कांदा निवडायचं काम बाईचंच असतं, चाळीतून एकेक हातात घेऊन. मुलगी म्हणाली, तुम्ही जे करता त्याला शास्त्रात निवड म्हणतात, पण त्यात दोन चुका आहेत. एक, तुम्ही सगळ्यात मोठे तेवढे पंचवीस-तीस गोट काढता. कांद्यात परागीकरण एका झाडाचं दुसऱ्याशी होतं, आणि पालक थोडे असले की पिढ्यान्‌पिढ्या वाण हलका पडतो. शेकड्याने गोट ठेवा, मध्यम आकाराचे, एका डोळ्याचे, पातळ मानेचे, उशिरापर्यंत न सडलेले. ज्याला लागवडीच्या वर्षीच डेंगळा आला तो कितीही देखणा असो, घेऊ नका. दुसरी चूक, शेजारी दुसऱ्या वाणाचे डोंगळे. मधमाशी बांध ओळखत नाही. प्रमाणित बियाण्याला निदान अर्धा किलोमीटर अंतर धरतात, पायाभूत बियाण्याला किलोमीटरभर. म्हणजे पाचही जणींनी आपसात ठरवून एकच वाण लावला तर निम्मं काम झालं. आणि कंपनीच्या संकरित कांद्याचं बी घरी धरलं तर पुढे तसाच कांदा मिळत नाही, तो नाद सोडा.

पाच जणी एकत्र येऊन एक वाण लावायचा, हा विचार आमच्या मनात आधी कधी आलाच नव्हता.

यानंतर आम्ही शेतकऱ्यांसाठीच्या एका बीजोत्पादन प्रशिक्षणाला पाच जणींची नावं द्यायला गेलो, तर सातबारा मागितला. आमच्या सतरा जणींमध्ये दोघींचीच नावं उताऱ्यावर आहेत. आम्ही गटाच्या कागदावर पत्र लिहून दिलं, या बाया शेतात प्रत्यक्ष बी तयार करतात म्हणून, खाली सतरा सह्या. तिघींना घेतलं. दोघी राहिल्या, त्यांच्यासाठी पुन्हा पत्र देणार आहोत. तुमच्या गटाला तसं पत्र लागलं तर नमुना आमच्याकडे आहे, घेऊन जा.

पुढची बैठक येत्या पाच तारखेला, दुपारी दोन वाजता समाजमंदिरात. दिवाळीच्या सुमारास डोंगळे लावायचे, म्हणून येताना चाळीतले पाच-पाच कांदे आणा, तुम्ही बियाण्याला ठेवले असते तसलेच. आणि जिची मुलगी, सून किंवा भाची विज्ञान शिकते आहे तिने तिला बरोबर आणावं. उचलीच्या खात्यात अजून ६,२०० रुपये आहेत.