घड्याळाला विचारायचे तीन प्रश्न

(बुलढाणा येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी मी हात वर करायला सांगितले, तेव्हा या सभागृहातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या मनगटावर स्मार्टवॉच दिसलं. कुणाचं दीड हजाराचं, कुणाचं तीस हजाराचं. दहा वर्षांपूर्वी हीच वस्तू आपण फक्त जाहिरातीत बघायचो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे कुठलं घ्यावं हे विचारायला मला आठवड्यातून एक तरी फोन येतो. आज ‘कुठलं घ्यावं’ हे मी सांगणार नाही. घेतलेलं घड्याळ काय सांगतं आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, एवढंच बोलणार आहे. सुरुवात माझ्या घरापासून करतो, कारण चूक माझी होती.

माझे अब्बा चिखलीत शिवणकाम करतात. त्यांना बरीच वर्षं बीपीची गोळी चालू आहे. एका ईदला मी त्यांना स्मार्टवॉच दिलं. डब्यावर लिहिलं होतं: हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, रक्तदाब, झोप, शंभर खेळ. अब्बा खूश. रोज सकाळी बटण दाबायचे आणि वहीत लिहायचे, १२४/८०, १२२/७८, १२६/८२. मी पुण्यात होतो. फोनवर आकडे ऐकून मलाही बरं वाटायचं. तीन महिने गेले. एका लग्नात त्यांना गरगरायला लागलं, मानेत दुखू लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा आला १८४/११२. घड्याळ त्याच वेळी १२६ दाखवत होतं. मग कळलं, दोन महिन्यांपासून त्यांनी गोळी बंद केली होती. मी चिडलो, तर ते म्हणाले, "अरे, रोज नॉर्मल दिखा रही थी. घडी झूठ कायको बोलेगी?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. घड्याळ खोटं बोलत नाही, ते अंदाज सांगतं. पण अंदाज सांगताना ते ‘अंदाजे’ म्हणत नाही, म्हणून आपण फसतो. त्यानंतर मी प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारायची सवय लावून घेतली. तू नेमकं मोजलंस काय? गृहीत काय धरलंस? आणि ही माहिती पाठवलीस कुठे?

पहिला प्रश्न, मोजलं काय? घड्याळ उलटं करा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. हा चढउतार मोजून घड्याळ मिनिटाचे ठोके काढतं. पट्टा नीट बसला असेल आणि तुम्ही शांत बसला असाल, तर हा आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो. पट्टा सैल असला, हात हलत असला, तिथे टॅटू असला, तर बिघडतो. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतात. करोनाच्या काळात आपण बोटाला लावत होतो, त्या यंत्राचं तत्त्व हेच. फक्त बोटाच्या चिमट्यात प्रकाश आरपार जातो, मनगटावर तो परतून येतो, म्हणून मनगटावरचं मोजमाप जास्त नाजूक असतं.

आता हा प्रयोग बघा. हे पिकलेलं केळं, शेजारच्या जळगाव जिल्ह्यातलं. अब्बांचं तेच घड्याळ मी याला बांधतो. ताई, काय आकडा आला? ७४! केळ्याला हृदय नसतं, हे आपल्याला दहावीपर्यंत शिकवलेलं आहे. झालं काय, तर सेन्सरला परत येणाऱ्या प्रकाशात थोडी खळबळ दिसली आणि प्रोग्रॅमने त्यातून ठोका शोधून काढला. असा प्रोग्रॅम लिहिणारे माझ्यासारखेच लोक असतात. ‘ठोका सापडला नाही’ असं लिहून दाखवलं तर गिऱ्हाईक घड्याळ परत करतं, हे त्यांना माहीत असतं.

मग रक्तदाबाचं काय? दंडाला पट्टा फुगवून रक्त थांबवायचं, हळूहळू सोडायचं आणि दाब वाचायचा, ही त्याची नेहमीची रीत. काही मोजक्या घड्याळांत पट्ट्याच्या आत फुगणारी पिशवी असते. ओमरॉन आणि हुआवे यांनी अशी घड्याळं काढली आहेत. ती खरोखर दाब मोजतात. सॅमसंगचं घड्याळ नाडीच्या लाटेवरून हिशेब करतं, पण त्यासाठी दर २८ दिवसांनी दंडावरच्या यंत्राशी ते जुळवून घ्यावं लागतं. ॲपलने २०२५ मध्ये उच्च रक्तदाबाची सूचना देणारी सोय आणली. ती आकडा सांगत नाही, ३० दिवसांची नोंद बघून ‘तपासून घ्या’ एवढंच सुचवते. आता विचार करा. एवढी मोठी कंपनी आकडा द्यायला कचरते, आणि दीड हजाराचं घड्याळ अर्ध्या मिनिटात १२४/८० सांगतं. ते बहुतेक वेळा ठोके, वय आणि वजन घेऊन एक सर्वसाधारण आकडा मांडतं. अब्बांच्या वहीतले सगळे आकडे एकसारखे का होते, ते मला फार उशिरा कळलं.

साखरेची गोष्ट याहून गंभीर आहे. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं ऑनलाइन विकली जातात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला, की कातडीला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही परवानगी दिलेली नाही. दंडावर चिकटवलेल्या, बारीक सुई आत असलेल्या सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसू शकतो, ती वेगळी गोष्ट. पण नुसत्या उजेडावर साखर सांगणाऱ्या घड्याळाच्या भरवशावर कुणी इन्सुलिन कमीजास्त केलं, तर जिवावर बेतेल. ईसीजीचंही तसंच. ॲपलने २०१८ मध्ये ती सोय आणली. ठोक्यांची एक विशिष्ट अनियमितता ती पकडू शकते. हार्ट अटॅक ती पकडत नाही, असं कंपनी स्वतःच सांगते. छातीत दुखत असताना घड्याळाकडे बघत बसू नका, दवाखान्यात जा.

पावलांचं थोडं हसण्यासारखं आहे. घड्याळ पावलं मोजत नाही, हाताचे झोके मोजतं. मी मोटरसायकलवर राजूर घाटाने मोताळ्याकडे गेलो, तर पावलं वाढली. अम्मी भाकरी थापते, तर पावलं वाढतात. अब्बा दुकानभर फिरतात, पण हातात कापडाचा तागा असतो, म्हणून त्यांची पावलं कमी भरतात. काल आणि आज यांची तुलना करायला हा आकडा ठीक आहे. त्यावरून शेजाऱ्याशी पैज लावू नका.

दुसरा प्रश्न, गृहीत काय धरलं? यासाठी उदाहरण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घड्याळात आहे, ते म्हणजे नमाजच्या वेळा.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरलेली आहे. बुलढाणा साधारण ७६.२ अंशावर. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून २५ मिनिटांनी. नागपूर आपल्या पूर्वेला, मुंबई पश्चिमेला. समजा, नागपूरला कॉलेजात असताना ॲपमध्ये ते शहर बसलं आणि रमजानमध्ये तुम्ही घरी आलात. ॲपने शहर बदललं नसेल, तर इफ्तारची वेळ इथे १० ते १२ मिनिटं आधी दाखवेल. मुंबई राहिली असेल, तर उलट उशिरा.

दुसरं गृहीतक, असरचं. सावली एकपट वाढली की असर धरायची की दुप्पट वाढल्यावर, यावर फिक्हमध्ये दोन मतं आहेत. आपल्या भागात बहुतेक मशिदी हनफी पद्धतीने दुप्पट धरतात. कित्येक ॲपमध्ये मुळात एकपट ठेवलेली असते. फरक किती? ऋतूप्रमाणे पाऊण ते सव्वा तास. तिसरं, फजरचं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असताना पहाट धरायची की १५ अंश? उत्तर अमेरिकेत वापरली जाणारी १५ अंशांची पद्धत ॲपमध्ये राहून गेली, तर सेहरी १२ ते १४ मिनिटं लांबते. आणि किबला. बुलढाण्याहून ती सरळ पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून साधारण ८ अंश उत्तरेकडे आहे. तुमच्या घड्याळाचा पट्टा चुंबकाचा असेल, तर होकायंत्र भरकटतं.

कुठली पद्धत बरोबर, हे सांगणारा मी कोण? ते जाणकारांना विचारा. माझं म्हणणं एवढंच, की घड्याळावरचा १:१५ किंवा ५:०२ हा आकाशातून उतरलेला आकडा नाही. कुणीतरी दूर बसून एक पर्याय निवडला आणि तो तुमच्या मनगटावर आला. सेटिंग उघडा, शहर आणि पद्धत बघा, मशिदीतल्या छापील वेळापत्रकाशी ताडून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

असंच आणखी एक गृहीतक मुलींच्या आईवडिलांसाठी सांगतो. मुलगी शिकवणीला जाते, म्हणून एसओएसचं बटण असलेलं घड्याळ घेतलं जातं. पण स्वस्त घड्याळांत स्वतःचं सिम नसतं, बऱ्याच वेळा जीपीएसही नसतं. सगळं फोनकडून ब्लूटूथने येतं. फोन घरी राहिला किंवा हिसकावला गेला, तर ते बटण कुणालाच कळवत नाही. विकत घेण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत बंद करून ठेवा आणि बटण दाबून बघा. वॉटरप्रूफचंही तसंच. ५० मीटर म्हणजे स्थिर पाण्याचा दाब, तोही घड्याळ नवं असताना. गरम पाणी आणि साबण यांनी आतलं रबर झिजतं. वुजू करताना घड्याळ काढून ठेवलं तर पाणी नीट पोचतं आणि घड्याळही टिकतं.

आता तिसरा प्रश्न, पाठवलं कुठे? घड्याळ एकटं नसतं, त्याच्यासोबत फोनमध्ये एक ॲप येतं. ॲप बनवताना आम्ही सगळा कोड स्वतः लिहीत नाही. तयार तुकडे मिळतात, त्यांना एसडीके म्हणतात. नकाशाचा एक, जाहिरातीचा एक. कधी कधी एखादा तुकडा ॲपच्या मालकाला पैसे देतो आणि बदल्यात तुमचं ठिकाण घेऊन जातो.

हे काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘व्हाइस’च्या मदरबोर्डने बातमी दिली, की नमाजच्या वेळा सांगणारं ‘मुस्लिम प्रो’ हे जगभर वापरलं जाणारं ॲप आपल्या वापरकर्त्यांचं ठिकाण ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीला पोचवत होतं, आणि त्या कंपनीची माहिती अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत जात होती. बातमी आल्यावर ॲपने एक्स-मोडशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोडवर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला बंदी घातली. त्या ठिकाणांत प्रार्थनास्थळंही होती.

कुणी म्हणेल, आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे? माझंही तेच मत होतं. पण घराचं दार आपण रात्री लावतो, ते आत काही गैर चाललंय म्हणून नाही. कुठे जाता, किती झोपता, पाळी कधी येते, हृदय कसं चालतं, हे आपण शेजाऱ्यालाही सांगत नाही. अनोळखी कंपनीला का सांगायचं? २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. दिलेली संमती मागे घेणं आणि माहिती पुसायला सांगणं हे हक्क त्यात आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. हा कायदा प्रत्येक नागरिकासाठी आहे. तो वापरायला शिका.

आणि एक सोपी युक्ती. नमाजच्या ॲपमध्ये शहर हाताने निवडा, ‘बुलढाणा’ किंवा ‘चिखली’. मग लोकेशनची परवानगी बंद करा. वेळा तुमच्या शहराच्या येतात आणि तुमचं नेमकं ठिकाणही ॲपला मिळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकाच सेटिंगमध्ये मिळतं.

घरी गेल्यावर तीन कामं करा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, घड्याळ बघून कुणी गोळी कमी किंवा बंद केली आहे का. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, बीपी आणि साखरेची तपासणी तिथे मोफत होते. जमलं तर चार घरांत मिळून दंडावर बांधायचं एक यंत्र घ्या. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, हात हृदयाच्या उंचीवर टेकवायचा. आणि आज रात्री फोनमधल्या परवानग्या उघडून बघा.

अब्बा आता बरे आहेत. गोळी चालू आहे. दंडाचं यंत्र दुकानातच ठेवलंय, मशीनच्या बाजूला. सकाळी ते स्वतः मोजतात आणि त्याच जुन्या वहीत लिहितात. आता आकडे एकसारखे नसतात. कधी १३४, कधी १४२. १५० च्या वर गेला की मला फोन येतो. आज केळ्यासाठी घड्याळ मागून आणलं, तेव्हा म्हणाले, "शाम को वापस ला, मेरेकू टाइम देखना पडता."