औषधाच्या शोधाची लांब वाट

(विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



जैवतंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेऊन औषधसंशोधनाकडे वळावे काय, असा आजचा प्रश्न आहे. मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. रेणूची आकृती फळ्यावर काढावयास सांगाल, तर माझी फजितीच होईल. परंतु ‘पुढे काय झाले?’ असे विचारण्याची पत्रकाराची सवय या विषयात फार उपयोगी पडते.

आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘हे सारे आपल्याकडे पूर्वीपासून होतेच.’ सर्पगंधेपुरते ते खरे आहे. ही मुळी आपल्या वैद्यांना शतकानुशतके परिचित होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी शोधनिबंध लिहिला. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे काटेकोरपणे नोंदवून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार लाभला. पुढे काय झाले? मुळीतील प्रभावी द्रव्य, रेसर्पिन, १९५२ साली वेगळे झाले ते स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे, सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत. वनस्पती आपली, अनुभव आपला, रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या. रेणू मात्र दुसऱ्यांच्या हाती लागला.

याच्या शेजारी चीनचे उदाहरण ठेवू या. हिवतापावरील औषधाच्या शोधात असताना तू यूयू या संशोधिकेने जुने वैद्यकग्रंथ चाळले. चौथ्या शतकातील एका ग्रंथात वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची कृती होती. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असा तर्क तिने त्यावरून बांधला आणि कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकही. ग्रंथाने सूचना दिली. सिद्धता प्रयोगशाळेने दिली. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या घरातील मुलांनी तर ही सिद्धतेची विद्या अधिकच निष्ठेने शिकावयास हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही विद्या म्हणजे काय? रोगास कारणीभूत ठरणारे प्रथिन हेरावयाचे. त्याला जाऊन चिकटेल असे संयुग हजारोंमधून निवडावयाचे. ते शरीरात कोठवर पोहोचते, यकृताला अपाय करते काय, हे पेशींवर व प्राण्यांवर पाहावयाचे. मग मानवी चाचण्यांचे टप्पे. या सर्वांस दहा-बारा वर्षे सहज लागतात. मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा संयुगांपैकी साधारण एकच औषध म्हणून मान्य होते. प्रथिनांची घडण आता संगणक सांगू लागला आहे, २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याच कामाला मिळाले. पण रुग्णावरील चाचणीला अद्याप पर्याय नाही.

आता पालकांच्या मनातील प्रश्न: नोकरीचे काय? गुळमुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही. केवळ एम.एस्सी.वर थांबलेल्याच्या वाट्याला बहुधा गुणवत्ता नियंत्रणाचे किंवा उत्पादनाचे काम येते. ते सन्मानाचेच आहे, परंतु तो औषधाचा शोध नव्हे. शोधात उतरावयाचे तर पीएच.डी. जवळजवळ अटळ, म्हणजे आणखी पाच वर्षे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. संसार थाटण्यास ते अपुरे, पण घरावर भार न होता शिकण्यास पुरेसे. ‘मुलगी तोवर अठ्ठाविशीची होईल,’ अशी कुजबुज मला ऐकू येते. होईल! पण ती विदुषी होऊन अठ्ठाविशीची होईल, आणि हिशेब मुलाच्या बाबतीतही तोच मांडला पाहिजे.

हे सारे परदेशातच घडते, अशीही एक समजूत आहे. रुग्णाच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, कर्करोगाशी लढण्यासाठी त्या पुन्हा शरीरात सोडण्याची भारतात विकसित झालेली पहिली उपचारपद्धती पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून उभी राहिली. ‘नेक्सकार १९’ या नावाने तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात अशा उपचारास कोट्यवधी रुपये पडतात. येथे तो त्याच्या कितीतरी कमी खर्चात होतो. अर्थात मध्यमवर्गीय घराला तोही जडच आहे, आणि तो आणखी स्वस्त करण्याचे काम कोणाला तरी करावेच लागेल.

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाच्या इमारतीकडे आणि माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदाकडे पाहू नका. शेवटच्या सत्रातील संशोधन-प्रकल्प विद्यार्थी कोठे करतात, हे विचारा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत जात असतील, तर उत्तम. कोठेच जात नसतील, आणि ग्रंथालयात बसून प्रबंध लिहिला जात असेल, तर भरमसाट शुल्क भरून तेथे दोन वर्षे घालवू नका. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ‘गॅट-बी’ ही प्रवेश परीक्षा असते. तेथे विद्यावेतनही मिळते. तिची तयारी पदवीच्या अंतिम वर्षाच्या आरंभीच सुरू करा, आणि सेंद्रिय रसायनशास्त्र व संख्याशास्त्र यांची पुस्तके ‘जीवशास्त्राच्या मुलांना काय करावयाची’ म्हणून रद्दीत देऊ नका.